आंधळ्या संपादकाचे शुद्धिपत्र

सिंगापुरात, तोआ पायोहच्या आमच्या ब्लॉकमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर एक ज्यू आजी राहत. लिफ्टमध्ये त्यांची व्हीलचेअर ढकलणाऱ्या फिलिपिनो मदतनीस बाईला मी मान डोलवायचे, एवढीच आमची ओळख. एका दुपारी ती माझ्या दाराशी आली.

"आंटी, यू इंडियन, हां? ममा टॉकिंग, टॉकिंग. सर आस्क यू कम, लिसन."

मी गेले. आजी कोपऱ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. पक्षाघातात त्यांची नजर गेली होती आणि इंग्रजीही गेले होते. त्या स्वच्छ, ठाम मराठीत म्हणत होत्या, "स्वल्पविराम. पुढे. पूर्णविराम. पुन्हा."

प्रत्येक शब्दानंतर त्या थांबायच्या. समोर कोणी वाचत असावे आणि आपण ऐकत असावे, तितकेच थांबायच्या.

"देअर गॉट समबडी," मदतनीस कुजबुजली. "दॅट कॉर्नर आय डोन्ट स्वीप."

"दिसतंय," मी म्हटले. कोपऱ्यात जाळी लोंबत होती.

आजींचा मुलगा साठीचा, जन्म इथलाच. मराठी येत नव्हती, पण घराण्याचा इतिहास त्याला पाठ होता. ही माणसे बेने इस्राएल, मूळ कोकणातली, तेलाचे घाणे चालवणारी. आजींचे पणजोबा शिकले, मुंबईला येऊन मास्तर झाले आणि पुढे त्यांनी आपल्या समाजासाठी मराठीत वर्तमानपत्र काढले. लिहायचे ते, छपाईचे खिळे जुळवायचे ते. शनिवार धर्माने विश्रांतीचा, त्या दिवशी छापखान्याला कुलूप. उतारवयात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तरी पत्र बंद पडले नाही. मुलीने छपाईआधीची मुद्रिते मोठ्याने वाचायची, चिन्हांसकट. त्यांनी ऐकायचे आणि चुकले की म्हणायचे, "पुन्हा." ती मुलगी म्हणजे आजींची आजी. म्हातारपणी ती नातीशी हाच खेळ खेळायची.

"म्हणजे ही जुनी टकळी आहे," मुलगा इंग्रजीत म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, नुसते आवाज आहेत, अर्थ काही नाही. नर्सिंग होममध्ये बेड मिळालाय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तिला काही समजत नसेल तर ती कुठंही राहिली तरी सारखंच. तुम्ही मला एवढंच सांगा. समजतं का तिला?"

मला संदिग्ध कामे आवडत नाहीत. मी म्हटले, परीक्षा घेऊ. त्या पत्राचे काही अंक कुणा नातेवाइकाने स्कॅन करून पाठवले होते. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी चिन्हांसकट वाचायला लागले. आजींचे बडबडणे थांबले. त्यांनी एक बोट खुर्चीच्या दांडीवर ठेवले. पिकाची बातमी आली, तेव्हा मी मुद्दाम चुकीचे वाचले: भात बुडाल्यामुळे तांदूळ स्वस्त झाला.

"पुन्हा."

'महाग झाला' असे वाचले.

"हं. पुढे."

"बघा," मी मुलाला म्हटले.

"पुन्हा तर ती दिवसभर म्हणते," तो म्हणाला. त्याचेही खरे होते.

पुढची बातमी कोकणच्या खाडीत उलटलेल्या पडावाची होती. सर्व माणसे सुखरूप किनाऱ्याला लागली, पूर्णविराम. छापले होते तसेच वाचले.

"पुन्हा."

मी परत वाचले.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा मी एकेक शब्द सुटा करून वाचला. आजींचे बोट दांडीवर आपटले. "एक नाही," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण मघापेक्षा जड, पुरुषी. मदतनीस स्वयंपाकघरात निघून गेली.

मी पुढचा अंक उघडला. शेवटच्या पानावर, तळाशी, शुद्धिपत्र होते. मागील अंकी पडावावरील सर्व माणसे सुखरूप असल्याचे छापले ते चूक, एका माणसाचा पत्ता लागलेला नाही.

मुलाला अर्थ सांगितला. त्याने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "तिच्या आजीने सांगितलं असेल कधीतरी."

"असेल," मी म्हटले. मलाही तेच पटण्यासारखे होते. एवढ्या अंकांमधली नेमकी हीच ओळ कशी, ते मात्र पटण्यासारखे नव्हते.

तेवढ्यात त्याच्या बहिणीचा ऑस्ट्रेलियाहून फोन आला. तो खिडकीशी उभा राहून बोलू लागला. "हो, उद्या कळवून टाकतो. अगं, तिला फरकसुद्धा कळणार नाही. नाही, नाही, इथे सगळे ठीक आहेत."

"पुन्हा," आजी म्हणाल्या.

तो थबकला. "मला म्हणते?"

"तुम्हालाच. परत वाचा म्हणतात. म्हणजे, परत बोला."

त्याने फोन कानापासून जरा दूर धरला. मग आईकडे बघत, शाळेत बाकावर उभे केल्यासारखा, इंग्रजीतच हळू म्हणाला, "इथे सगळे ठीक आहेत."

"एक नाही."

याचे भाषांतर त्याने मागितले नाही. ते दोन शब्द त्याला आता माहीत होते. फोनमध्ये बहीण हॅलो, हॅलो करत होती. त्याने तो बंद केला आणि आईच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. मग त्याने मला विचारले, "एक म्हणजे कोण, विचारता का तिला?"

मी आजींकडे पाहिले. त्यांचे तोंड मुलाकडे नव्हते. कोपऱ्याकडेही नव्हते. ते माझ्याकडे होते.

"आज नको," मी म्हटले आणि लॅपटॉप मिटला.

बेड त्याने नाकारला. मी बुधवारी वाचायला जाते, चिन्हांसकट. कोपरा आता मीच झाडते. पुण्याहून बहिणीचा फोन येतो तेव्हा 'आम्ही सगळे मजेत' म्हणायची सवय मात्र मोडली आहे. मी म्हणते, बरं चाललंय. आणि ते म्हणायच्या आधी क्षणभर थांबते, वरून काही ऐकू येते का म्हणून.