चौकीच्या खिडकीसमोर पाच दिवस

थेल्मा ग्रेटोरेक्सने सव्वीस वर्षं आमच्या खोऱ्यात बस चालवली. चढावर गिअर बदलताना तिने कधी म्हाताऱ्या माणसाला हिसका बसू दिला नाही. मी दगडी कुंपणं रचायचो. कुणाचा हात चांगला आहे ते मला कळतं.

दोन हजार बारा साली सरकारने नवं पद काढलं. जिल्ह्याच्या पोलिसांवर लोकांनी निवडलेला एक माणूस. त्याला कमिशनर म्हणायचं. वर्दी नाही, अटकेचा अधिकार नाही, अमका चोर पकडा असं सांगायचीही सोय नाही. पोलिसांचा पैसा आणि इमारती सांभाळायच्या, पोलीसप्रमुखाला जाब विचारायचा. थेल्मा कुठल्याही पक्षाकडून उभी नव्हती. तिने एकच वचन दिलं. ब्रॅसलीच्या पोलीस चौकीतली लोकांसाठीची खिडकी बंद होऊ देणार नाही.

मतदान नोव्हेंबरात होतं. शंभरातले चौदा जण आले. ती निवडून आली.

पहिल्याच आठवड्यात खाटीक नॉर्मन बेस्टविकने तिला भाजीच्या दुकानात गाठलं. "थेल्मा, माझी व्हॅन चोरीला गेली. तुझी माणसं पाठव."

"ती माझी माणसं नाहीत, नॉर्मन."

"मग तुला निवडून कशाला दिलं?"

"तू दिलंस?"

"मी गेलो नव्हतो. थंडी होती. बायको गेली होती."

अशी साडेतीन वर्षं गेली. जिथे जाईल तिथे तिच्याकडे कुणाची तरी व्हॅन यायची.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, पोलीसप्रमुख लोमास फाईल घेऊन आला. ब्रॅसलीच्या खिडकीवर दिवसाला दोन माणसं येतात. खिडकी बंद केली तर त्या खर्चात शेतवस्त्यांच्या गस्तीला दोन शिपाई मिळतील. सही थेल्माचीच लागणार होती.

"ही माणसं मोजली कुणी?" तिने विचारलं.

"कॉम्प्युटरने."

"मग मी मोजते."

सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच, ती खिडकीसमोरच्या बाकावर बसली. वही, चहाचा थर्मास आणि चीज घातलेल्या ओटाच्या पोळ्या घेऊन. मीही मंगळवारपासून जाऊन बसलो. पाठ कामातून गेल्यापासून मला दुसरं काम नव्हतं.

सोमवारी एक जण आला, सापडलेला हातमोजा द्यायला. मंगळवारी दोन. एकाला गाडीचे कागद दाखवायचे होते, दुसऱ्याला संडास हवा होता. बुधवारी कुणीच नाही. खिडकीतली मॅक्सीन म्हणाली, "बाई, तुम्हा दोघांचे चेहरे बघून चोरसुद्धा येईनासे झाले."

गुरुवारी निळ्या रेनकोटातली एक बाई आली. तिने हरवलेल्या कुत्र्यांचे कागद दहा मिनिटं वाचले आणि गेली.

"हिला मोजणीत धरू का?" थेल्माने मला विचारलं.

"दारातून आत आली ना? धर."

शुक्रवारी तीच बाई परत आली. खिडकीशी वाकून काहीतरी हळू बोलली. मॅक्सीनने पडदा ओढला, तिला आत घेतलं. दीड तासाने मॅक्सीन एकटीच बाहेर आली. थेल्माने काही विचारलं नाही. तो तिचा अधिकार नव्हता.

"वहीत एक लिहा," मॅक्सीन म्हणाली. "तिला फोन करता आला नसता, एवढंच सांगते. फोन तिच्या हाती नसतो."

पाच दिवसांत पाच माणसं. कॉम्प्युटरने दुप्पट सांगितली होती. थेल्माने वही तशीच लोमाससमोर ठेवली.

"हे तर माझ्याच बाजूचं झालं," तो म्हणाला.

"हो."

"मग सही?"

"नाही."

ते दोन शिपाई आले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्लिफर्ड रॅगची चाळीस मेंढरं चोरीला गेली. महिन्यातून एकदा थेल्मा वाचनालयात लोकांना भेटायची. तो तिथे आला. टोपीही काढली नाही.

"तिथे दिवसाला एक माणूस येतो म्हणे."

"एकच येतो."

"त्या एकासाठी माझी चाळीस मेंढरं गेली?"

तो एक कोण, हे तिला सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर क्लिफर्ड गप्प बसला असता. तो वाईट माणूस नाही.

"हो, क्लिफर्ड," ती म्हणाली. "तसंच धर."

पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा निवडणूक झाली. मोजणीला तिने मला सोबत नेलं. शंका असलेल्या मतपत्रिका उमेदवारांना दाखवायची पद्धत आहे. अधिकारी एकेक उचलून दाखवायचा. कुणी लिहिलं होतं, 'या बाई कोण?' एकाने मेंढरू काढलं होतं, बरं काढलं होतं. दुसरे उमेदवार चहाला गेले. थेल्मा उभी राहून प्रत्येक कागद बघत होती आणि 'बाद' म्हणत होती. दोन तास.

ती तीनशे अकरा मतांनी हरली. महिनाभरात नव्या कमिशनरने सही केली. खिडकीवर फळी ठोकली आणि फळीवर फोन नंबर लावला.

त्या संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली होती.

"तू सही केली असतीस तर निवडून आली असतीस," मी म्हणालो.

"आले असते. पण खिडकी तेव्हाच गेली असती."

"आताही गेलीच की."

"चौदा महिने उशिरा गेली."

"तेवढ्यात त्या रेनकोटवालीसारख्या आणखी किती आल्या?"

"मॅक्सीन सांगत नाही," थेल्मा म्हणाली. "आणि तिने सांगूही नये." तिने बूट काढले, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवले आणि डोळे मिटले. मी चहा ठेवला. तो होईपर्यंत तिला झोप लागली होती.