चांदणीचं पदक

ज्योतीचा मला हेवा वाटतो. आजही वाटतो, खोटं कशाला बोलू?

पारोळ्याच्या बाजूला आमचं गाव. तिचा नवरा योगेंद्र आणि आमचे हे, दोघं एकाच भरतीत फौजेत गेले. परत आल्यावर योगेंद्र राजकारणात शिरला, जिल्हा परिषदेत निवडून आला, 'कारगिल वीर योगेंद्र नाना' झाला. आणि आमचे हे? जळगावच्या पाइपच्या कारखान्यात गेटवर वॉचमन. दर सव्वीस जुलैला, कारगिल दिनाला, शाळेत झेंड्याजवळच्या खुर्चीवर नाना बसतो, शेजारी ज्योती, नवं कोरं पातळ नेसून. मी मागं बायांमध्ये, सतरंजीवर. अगं बाई, जीव नुसता जळायचा! माझाही माणूस कारगिलला होता ना! एकदा तरी त्या खुर्चीवर त्यांना बसलेलं बघायचं होतं मला.

पण हे तोंड उघडतील तर शपथ! कुणी लढाईचं विचारलं की म्हणायचे, "जाऊ द्या, झालं ते झालं." मी म्हणायचे, किती साधा माणूस माझा.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर विरोधी पार्टीच्या नीलेशनं आवई उठवली. नाना कारगिलला गेलाच नव्हता, नोंदी खोट्या आहेत, कुठल्याशा भांडारात पोती मोजत होता म्हणे. मला काय आनंद झाला, विचारू नका! नीलेश घरी येऊन म्हणाला, "काकू, ग्रामसभेत हिलालकाकांचं पदक घेऊन या. खरं पदक शेजारी ठेवलं की नानाचं पितळ उघडं पडेल."

ते पदक मी दर दिवाळीला दंतमंजन लावून घासते. पेटीतून डबी काढली तर हे आडवे आले. "प्रमिला, नको नेऊ."

"तुमच्या या भिडेपायीच तो खुर्चीवर बसतो," म्हटलं, आणि निघाले.

ग्रामसभेला बठ्ठं गाव लोटलं होतं. नीलेशनं विचारलं, "नाना, कारगिलचा पुरावा दाखवा." नानानं खिशातून पदक काढून टेबलावर ठेवलं. नीलेश हसला. "हे तर त्या वर्षी फौजेत असलेल्या सगळ्यांना मिळालं."

"सगळ्यांना मिळालं ते गोल," नाना म्हणाला. "वर लढाईत जे होते त्यांना ही चांदणी. हिलालला विचारा, तोही फौजी आहे."

मी ताडकन उठले. "विचारायचं काय? मी घेऊनच आलेय!" आणि भर सभेत डबी उघडली.

गोल होतं. इतकी वर्षं घासलं, पण गोल आणि चांदणी यात काही फरक असतो हे मला कुठं ठाऊक!

कुणी हसलंसुद्धा नाही. नानाचा खरेपणा माझ्याच डबीनं सिद्ध केला होता. त्यानं डबी हळूच मिटून माझ्या हातात दिली. "वहिनी, त्यानंही नोकरीच केली. चोरी नाही केली." मेला ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी हे ओट्यावरच बसले होते. "कुठं होतात तेव्हा?" मी विचारलं.

"झाशीला. डेपोत."

"आणि मला सांगितलं कारगिल?"

"मी तुले कधी सांगितलं?" ते म्हणाले. "तूच गावभर सांगितलंस. रजेवर आलो तर हार घेऊन बठ्ठं गाव उभं, आणि सगळ्यांच्या पुढं तू. तुझं तोंड बघून गप बसलो."

खरंच, त्यांनी कधी हो म्हटलं नव्हतं. पण कधी नाही तरी कुठं म्हटलं!

लढाई चालू होती तेव्हा ज्योती रोज माझ्याकडं यायची. रेडिओवर नाव येईल या भीतीनं आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायचो. मी एकवीरादेवीला नवस बोलले, उपास धरले, वाळले. वर तिलाच समजावायचे, "रडू नको गं, माझाही तिथंच आहे."

इतके दिवस मला तिच्या खुर्चीचा हेवा वाटायचा. आता तिच्या त्या रडण्याचाही वाटतो. तिचा माणूस खरंच तिथं होता. मी मात्र झाशीत दोन वेळ गरम जेवणाऱ्या माणसासाठी रडले.