ओळखू न आलेली खिरापत

माझी नातवंडं माझ्या डब्यांना जरा घाबरूनच असतात. परवा मी त्यांना डोळे मिटायला लावून कलिंगडाच्या पांढऱ्या गराची वडी खायला घातली आणि ओळखा म्हणाले. एकाने पेठा म्हटलं, दुसऱ्याने साबण. आमची सूनबाई अगदी आदराने म्हणाली, "आई, आता पंचाहत्तरी जवळ आली, थोडं बसत जा की." मला राग आला. मी मुळात रागीटच आहे. पण तो राग फार टिकला नाही, कारण असंच काहीसं मी एकदा माझ्या सासूला ऐकवलं होतं, तेही आदर वगैरे काही न ठेवता. ते आठवलं की आजही कानकोंडं व्हायला होतं, आणि त्याच्या मागोमाग त्या बाईबद्दल मन इतकं भरून येतं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगलीची. आमच्याकडे नदी, नळाला पाणी, मामा तासगावचे, त्यामुळे हादग्याच्या खिरापतीत दर वर्षी बेदाणे. पोरी डबा हलवायच्या आधीच "बेदाणे" म्हणून मोकळ्या व्हायच्या आणि मी रडकुंडीला यायची. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी वडूजच्या पलीकडच्या एका गावात आले. नवरा फौजेत, लग्नाची सुट्टी संपली तसा निघून गेला. घरात सासरे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. दोन्ही नणंदा आपापल्या घरी नांदत होत्या.

त्या वर्षी हस्त नक्षत्र लागायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी पाट घासून काढला, त्याच्यावर खडूने हत्ती काढला आणि मला दाखवायला आणला. हत्ती बराचसा म्हशीच्या वळणावर गेला होता. त्या गल्लीत अशी रीत होती की ज्या घरात लेक किंवा नवी सून असेल त्याच घरच्या अंगणात हादगा मांडायचा. धाकटी नणंद सासरी गेल्यापासून सात वर्षं त्यांच्या अंगणात पाट मांडला गेला नव्हता. त्या मला म्हणाल्या, हादगा मांडू, खिरापत तू कर, आणि मला सांगू नको काय केलंयस ते.

मी नाही म्हणाले. मी मॅट्रिक झालेली, लग्न झालेली, आता पोरींच्यात फेर धरणं मला शोभत नाही, असं म्हणाले. खरं सांगायचं तर मला त्या गावात काहीच शोभत नाही असं वाटत होतं. आत्याबाई "बरं" म्हणाल्या आणि पाट भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी बघितलं तर हत्ती ओल्या फडक्याने पुसलेला होता. त्यांना काय वाटलं हे मी विचारलं नाही.

मग आलं बहात्तर साल. पाऊस नाही म्हणजे नाहीच. सासरे जनावरं घेऊन चारा-छावणीवर गेले. आत्याबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायच्या. मी विहिरीत टँकरने पाणी ओतलं की हंडा घेऊन पळायचं काम करायची. नवऱ्याची मनीऑर्डर येत होती, पण बाजारात ज्वारी दिसेल तर ना. रेशनवर मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, मिळायची, तीच सगळ्या गावाने खायची. तिच्या पिठाला विरी नव्हती. भाकरी थापायला घेतली की कडेला भेगा पडायच्या आणि तव्यावर टाकेपर्यंत निम्मी हातात राहायची. आमच्या गल्लीत मिलोचं नाव लोक शिवीसारखं घेत.

तरीही आश्विनात पोरींनी हादगा मांडला. एरवी पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत जातं. त्या वर्षी गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, रोज एकच खिरापत, बास. पण त्या एकीतही गंमत राहिली नाही. दुष्काळी कामावर मिळणारी गोडसर पिठाची सुकडी घराघरात यायची, तीच डब्यात घालायची. डबा समोर आला की पोरी कंटाळलेल्या आवाजात "सुकडी" म्हणायच्या, हात पुढे करायच्या आणि घरी जायच्या. पाचव्या दिवशी चारच पोरी आल्या. बायका म्हणाल्या, औंदा राहू दे, पुढल्या वर्षी बघू.

हे कामावर असताना आत्याबाईंच्या कानावर गेलं. संध्याकाळी खडीची धूळ अंगावर तशीच घेऊन त्या गल्लीभर फिरल्या आणि सांगून आल्या की चार दिवसांनी आमच्या अंगणात हादगा आहे, सगळ्या पोरींनी यायचं, आणि खिरापत आजवर कुणी न ओळखलेली मिळेल. कुणीतरी विचारलं, तुमच्या घरात लेक कुठं आहे? त्यांनी सांगितलं, सून आहे की. घरी आल्यावर मी भडकले. मला न विचारता माझ्या नावावर हादगा मांडलात, आणि घरात मिलोशिवाय एक दाणा नाही, खिरापत कशाची देणार, पंधरा पोरींसमोर रिकामा डबा उघडणार का? त्या म्हणाल्या, बघू की. मला त्या गल्लीत पुन्हा तोंड दाखवायचं होतं. त्यांना तर जन्मभर तिथंच राहायचं होतं. हसं झालं असतं ते त्यांचं, आणि हादगाही त्या दिवशी कायमचा बंद झाला असता.

दुसऱ्या पहाटे करपल्याच्या वासाने मला जाग आली. परसात चुलीवर खापर ठेवलेलं, त्यात वाळू, आणि आत्याबाई फडक्याच्या बोळ्याने भराभर काहीतरी परतत बसलेल्या. जवळ जाऊन बघते तर मिलो, काळी ठिक्कर पडलेली. तिसऱ्या पहाटे तेच. दोन पायल्यांचं गाडगं चार बोटं खाली गेलेलं बघितलं आणि माझा तोल गेला. लोक मूठभर धान्यासाठी रांगेत उभे राहतात आणि तुम्ही जाळत बसलाय, वय काय तुमचं आणि करताय काय, असं मी त्यांना म्हणाले. आवाज चढलेला होता, शेजारी ऐकू गेला असणार.

 आत्याबाईंनी सुपातले भाजलेले दाणे दाखवले. एकही दाणा वाया जात नव्हता. भाजलेलं सगळं त्या दळणात मिसळत होत्या आणि कामावर जाताना तीच भाकरी बांधून नेत होत्या. मग मला आठवलं की दोन दिवस मीच भाकरी खाताना म्हणत होते, आज पीठ बरं आहे, खमंग लागतंय. मी आवाज खाली आणला. पण मदतीला बसले नाही, तेवढी अढी मनात राहिलीच. नवऱ्याने फौजेतून आणलेला पत्र्याचा डबा त्यांनी वर फळीवर ठेवला होता आणि मला ताकीद दिली होती की झाकण उघडायचं नाही.

हादग्याच्या दिवशी पोरी मोजून सतरा आल्या. कुतूहल अजून मेलेलं नव्हतं. पाटावर पुन्हा तोच म्हशीच्या वळणाचा हत्ती. फेर झाला, गाणी झाली. मी उंबऱ्यात उभी होते, पुढे गेले नाही.  मग डबा आला. पहिल्या पोरीने हलवला आणि तिचा चेहरा बदलला. आवाजच येईना, नुसती सुळसुळ. डबा हलका. दुसरीने कानाला लावला, तिसरीने वास घेतला. सुरू झालं मग. शेवया म्हणाल्या, कुरडईचा चुरा म्हणाल्या, म्हातारीचे केस म्हणाल्या. एक म्हणाली, नुसता वारा भरलाय. दुष्काळाच्या त्या वर्षात पोरींनी लाडू, चिरोटे, अनारसे अशी नावं घेतली, आणि नुसती नावं घेताना त्यांची तोंडं खुलली होती. जवळजवळ अर्धा तास चाललं. कुणी ओळखलं नाही. शेवटी सगळ्या हरलो म्हणाल्या.

आत्याबाईंनी झाकण काढलं. आत पांढऱ्या शुभ्र लाह्या होत्या, गूळपाण्याचा हात फिरवलेल्या. अगदी लहान, मोगऱ्याच्या कळीएवढ्या. पोरींनी खाल्ल्या. कशाच्या म्हणून विचारलं तर आत्याबाईंनी सांगितलं, मिलोच्या. कुणाचा विश्वास बसेना. दुपारी जिची भाकरी नाक मुरडून खाल्ली तीच ही, आणि सतरा जणींपैकी एकीच्याही तोंडात तिचं नाव आलं नव्हतं. एक पोर आईला दाखवायला मूठभर लाह्या घेऊन पळत घरी गेली. पोरी गेल्यावर बायका विचारायला आल्या. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. दाण्यांवर कोमट पाणी मारून रात्रभर झाकायचं, मग तापल्या वाळूत मूठ मूठ टाकायची. मुठीतले पाच-सहाच फुटतात, बाकीचे गणंग राहतात, ते दळणात टाकायचे. तो डबा भरायला त्यांच्या चार पहाटा गेल्या होत्या.

बायका गेल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याजवळ जाऊन बसले. वाईट वाटत होतं, ते सांगता येईना, म्हणून दुसरंच विचारलं. मिलो फुटते हे तुम्हाला कसं ठाऊक होतं?

"ठावं न्हवतंच," त्या म्हणाल्या. "ठावं आसतं तर येवढ्या पहाटंचं कशाला उठले आसते?"

मग पाटावरचा खडू पुसता पुसता त्या म्हणाल्या, "पोरी लय खूश झाल्या गं. पर मला कोन ओळखाय लावतंय? चाळीस वरसं झाली. ह्या घरातल्या समद्या डब्यांत काय हाय ते मला ठावं, मीच भरलेलं आसतंय."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. पंचावन्न वर्षांची बाई, आणि तिला हवं होतं ते एवढंच, की कुणीतरी एक डबा तिच्या हातात द्यावा आणि आत काय आहे ते तिला माहीत नसावं. गेल्या वर्षी त्या माझ्याकडे तेच मागत होत्या. आणि मी, एकवीस वर्षांची, त्यांना सांगत होते की मी मोठी झाले. माझ्या आयुष्यात मी फार थोड्या वेळा लगेच माफी मागितली आहे. त्या दिवशीही शब्दांनी मागितली नाही. एवढंच म्हणाले, "आत्याबाई, उद्या आपल्याच अंगणात. खिरापत मी करते."

"मला सांगू नगंस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या कामावरून परत आल्या त्या थेट शेजारच्या ओट्यावर जाऊन बसल्या. घरात पाऊल टाकलं नाही, वास लागेल म्हणून. पाणीसुद्धा शेजारीच मागून प्यायल्या. मी सकाळपासून चुलीशी झटत होते. लाह्या करून बघितल्या, सगळे गणंगच झाले. लाडू वळले, ते फुटले. चिडून पिठाचा गोळा परातीत आपटला, त्याचा सुपारीएवढा तुकडा बोटाला चिकटला. तो तळहातावर दाबला तर कड फाटली नाही. मोठी भाकरी ज्या पिठाची धड होत नव्हती त्याच पिठाची रुपयाएवढी भाकरी साबूत राहिली. मग मी भातुकलीतल्यासारख्या चाळीस भाकऱ्या थापल्या, खडखडीत भाजल्या, दोन दोन भाकऱ्यांच्या मध्ये चिंचगुळाचा ठिपका लावून चिकटवल्या. काम करताना मी गाणं गुणगुणते आहे हे माझं मलाच उशिरा कळलं. त्या गावात आल्यापासून हे पहिल्यांदाच होत होतं.

संध्याकाळी मी फेरात गेले. पोरींनी जागा करून दिली, कुणी हसलं नाही. गाणी झाल्यावर डबा पोरींकडे न देता मी आधी आत्याबाईंच्या हातात दिला. त्या मांडी घालून नीट बसल्या, पदर खोचला, डबा कानाशी धरून हलवला. टकटक वाजलं. कडाकण्या, म्हणाल्या. मी नाही म्हटलं. चिंचोके. नाही. शंकरपाळी, सुपारी, खारकेचे तुकडे, कवठाच्या वड्या. नाही, नाही. डबा पोरींकडून फिरून पुन्हा त्यांच्याकडे आला. त्या दिवशी सकाळी ज्या हातांनी त्यांनी भाकऱ्या थापल्या होत्या त्याच हातांत तो डबा होता आणि भाकरी हा शब्द त्यांना सुचत नव्हता. खडी फोडून फुटलेल्या बोटांनी त्या झाकणावर टिचक्या मारत होत्या, डोळे मिटून ऐकत होत्या.

"हरले बाई," त्या शेवटी म्हणाल्या. असा हरलेला चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही, इतका तो आनंदाने फुललेला होता. मी डबा घ्यायला हात पुढे केला, तशी त्यांनी तो छातीशी ओढून धरला.

"थांब गं," त्या म्हणाल्या, "इतक्यात उघडू नगंस."