कमी सोडियमचं मीठ

दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी विभागात काम करते. दोन वर्षांपूर्वी कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी म्हणून दर बुधवारी दुपारी कॅन्टीनमध्ये पौष्टिक स्वयंपाकाचा क्लास सुरू केला. बहुतेक जण कामातून तासभर सुटका म्हणून यायचे. मी मात्र वही घेऊन पुढच्या रांगेत बसायचे. घरी ह्यांच्या किडन्या कमजोर झाल्या होत्या, क्रिएटिनिन वाढलं होतं आणि डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं होतं.

ऑफिसात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. "माझ्या दुखण्याचा बोभाटा नको," असं ह्यांनी बजावलं होतं. आळणी जेवणाने ते पार वैतागले होते. डबा अर्धा परत यायचा. पँट कमरेत ढिली होत चालली होती.

एका बुधवारी क्लास घेणाऱ्या आहारतज्ज्ञ मुलीने सगळ्यांना एकेक पाकीट वाटलं. कमी सोडियमचं मीठ. "नमक कम करना है, स्वाद नहीं," ती हसत म्हणाली. "बीपीवालों के लिए तो बहुत अच्छा है." किडनीच्या पेशंटला चालेल का, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण शेजारी माझ्याच विभागातल्या दोघी बसल्या होत्या. उद्या सगळीकडे बोभाटा होईल, असं वाटलं. मी न विचारताच पाकीट पर्समध्ये टाकलं.

दिल्लीत द्वारकेला घरी पोचल्यावर त्याच मिठाची आमटी केली. पहिला घास घेऊन हे थांबले.

"आज चव आहे आमटीला."

त्यांनी पुन्हा भात मागून घेतला. कितीतरी दिवसांनी मी त्यांना पोटभर जेवताना पाहत होते. मग वहीतलं एकेक करत गेले. पालकाचं सूप, टोमॅटोचं सार, सकाळी नारळपाणी. हेही क्लासमध्येच शिकले होते. तीन आठवडे घरात जरा बरे दिवस होते.

एका रविवारी सकाळी ते पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांना उठताच येईना. "पायांत जीवच नाही गं," म्हणाले. टॅक्सीने हॉस्पिटल गाठलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं आणि त्यांना लगेच आयसीयूत नेलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "घर में नमक कौन सा खाते हैं?"

मी सांगितलं. योग्य तेच केलं, अशा थाटात सांगितलं.

त्यांनी लिहिणं थांबवलं. "उसमें सोडियम की जगह पोटॅशियम होता है, मॅडम. किडनी के पेशंट के खून में वही चढ़ जाता है, उन्हें नहीं देते. पॅकेट पर लिखा रहता है."

घरी येऊन पाकीट पाहिलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात खरंच लिहिलं होतं. पालक, टोमॅटो, नारळपाणी यांतही पोटॅशियमच भरपूर, हे नंतर कळलं.

हे वाचले. पण किडन्या सावरल्या नाहीत, दोन महिन्यांत डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वर्षा-दोन वर्षांत हे होणारच होतं. वर्ष की दोन, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "आपने उस दिन पूछा क्यों नहीं, मॅम?" आता ती क्लासच्या सुरुवातीलाच घरातल्या आजारांबद्दल विचारते म्हणे. मी जात नाही.

एका दुपारी डायलिसिस चालू असताना शेवटी मी ह्यांना म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं."

डोळे न उघडता ते म्हणाले, "मुद्दाम केलंस का तू?" मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात हळूच म्हणाले, "त्या दिवसांत मी जेवत होतो गं नीट."

ते रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांना थंडी वाजायला लागली होती. मी उठून नर्सकडे आणखी एक ब्लँकेट मागितलं.