थोरल्यांच्या मागचा बाक

आमचे हे माणसं मानेवरून ओळखतात. तीस वर्षं सलून चालवल्यावर दुसरं काय होणार? चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर एकदम खूश असतात. सगळं गिऱ्हाईक पाठमोरं समोर बसलेलं. कुणी रंग लावून घेतला, कुणी दुसरीकडे जाऊन डोकं खराब करून आलं, सगळा हिशोब मला कानात सांगतात. मी कोपर मारते, तेव्हा गप्प बसतात.

या नाताळला मात्र त्यांनी मला सकाळी साडेसहालाच घराबाहेर काढलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सणाची उपासना, आठची! बाकांखालचा केर अजून निघत होता. हे सरळ चालत पुढून चौथ्या बाकापर्यंत गेले आणि बसले.

"तिसऱ्यावर दादा बसतो," एवढंच म्हणाले.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. नऊ वर्षं झाली, दोघांत शब्द नाही. सासरे गेले तेव्हा दीर परगावाहून निघाले होते, पण त्यांची गाडी रखडली. दफनाची वेळ ठरलेली, माणसं ताटकळलेली. शेवटी यांनी "बंद करा" म्हटलं आणि शवपेटीचं झाकण लागलं. पंधरा मिनिटांनी दीर दारात. वडिलांचं तोंड काही त्यांना दिसलं नाही. त्यांनी यांना एक शिवीसुद्धा दिली नाही, बोलणंच टाकलं. वर्षातून एकदा, नाताळला, ते इथं लेकीकडे येतात, मिस्सेला बसतात आणि आमच्याकडे न बघता निघून जातात.

यांचा बेत मला तिथं बसल्यावर कळला. मिस्सेत एका ठिकाणी फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे शेजारच्यांशी, पुढच्या-मागच्यांशी हात मिळवतात. त्या वेळी पुढे आलेला हात कुणी नाकारत नाही. चारचौघांत नाकारणार तरी कसा?

"तेवढा हात हातात आला ना, की पुढचं बोलतो मी," हे म्हणाले. आवाज असा, की मला पहिल्यांदाच त्यांची दया आली.

आठला पाच कमी असताना दीर एकटेच आले. आम्हाला पाहिलं असणार, कारण बसताना मान ताठ झाली. हे पुटपुटले, "कुणी कापलेत हे? एक बाजू वर, एक बाजू खाली." मी कोपर मारलं.

मिस्सा म्हणाल, तर काही विचारू नका. गाणारी निम्मी मंडळी सुट्टीवर गेलेली, म्हणून गाणी यंत्रावर लावली होती आणि ते यंत्र दर कडव्याला खोकत होतं. शाळेच्या मुख्याध्यापिका सगळ्यांच्या एक ओळ पुढे गात होत्या, वर मागे राहिलेल्यांकडे वळून वळून बघत होत्या. दातांच्या डॉक्टरांनी एवढी मोठी जांभई दिली, की बसल्या जागेवरून त्यांची अक्कलदाढ दिसली. फुलवाल्या बाईंचा डोळा वेदीवरच्या स्वतःच्या फुलदाणीवर. ती कुणीतरी डावीकडे सरकवली होती, आणि त्या तासभर तिच्यापायी कासावीस. फादर नवीन. अजून दोन ठिकाणी मिस्सा करायची होती त्यांना. संदेश कागदावरून वाचला, त्यात निम्मा वेळ गाड्या फाटकासमोर लावू नका हेच. अहो, सणाच्या दिवशी माणूस काहीतरी ऐकायला येतो!

यांचं मात्र कशाकडेच लक्ष नव्हतं. वेळ जवळ आली तसा त्यांनी उजवा तळवा पँटला पुसला. एकदा, दोनदा. मग हात थोडा वर उचलून तयार ठेवला.

फादरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि थेट पुढची प्रार्थना सुरू केली.

शांती गाळलीच. कुणाच्या लक्षातही आलं नाही. यांचा हात तसाच अधांतरी राहिला, मग त्यांनी तो पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवून दिला. मला असा संताप आला त्या फादरांचा, की उठून ओरडावंसं वाटलं. दोन मिनिटं लागली असती, फार तर दोन!

मिस्सा संपली. लोक दाराकडे धावले. मी म्हटलं, "चला."

"तू हो पुढे. मी बसतो जरा."

मीही बसले. पाहते तर दीरही उठले नव्हते. माणसं पांगली, दिवे एकेक करून मालवले गेले, तरी ते तिथंच, वेदीकडे तोंड करून.

"याला विचार," दीर मागे न वळता मला म्हणाले, "बाबांची शेवटची दाढी कुणी केली होती?"

मी यांच्याकडे पाहिलं.

"सांग त्यांना, मीच केली."

"नीट झाली होती का, विचार."

यांनी या वेळी निरोप माझ्याकडे दिला नाही.

"हनुवटीखाली थोडी राहिली, दादा."

दीर मग म्हणाले, "तिथं राहायचीच त्यांची. माझ्याकडूनही राहायची." आणि मग, "कसे दिसत होते रे?"

हे उठले, वळसा घालून तिसऱ्या बाकावर जाऊन त्यांच्याशेजारी बसले, आणि कपाळापासून सांगायला लागले.