कडी आतून आहे

आदरणीय इंगळे साहेबांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात माझ्यासारख्याने लिहावे की नाही, याची मला फार काळजी वाटत होती. मी सातवीपर्यंत शिकलेला. साहेबांची माझी ओळख तुरुंगातली. ते तुरुंगाधिकारी होते आणि मी जन्मठेपेचा कैदी. माझे नाव वाचून कोणी साहेबांना बोल लावू नये, एवढीच विनंती आहे.

पहिली भेट गिनतीच्या वेळची. संध्याकाळी बराकीत कोंडण्यापूर्वी सर्वांना जोडीजोडीने उकिडवे बसवून मोजतात. साठी उलटल्यावर माझे गुडघे वाकेनात. मी उभाच राहिलो, तेव्हा शिपाई म्हणाला, "काऊन बाबा, नवरदेव हायेस काय तू? खाली बस ना बे." सगळी रांग हसली. नुकतेच बदलून आलेले साहेब मागे उभे होते. आवाज न चढवता ते म्हणाले, "उभा माणूस बी एकच मोजल्या जाते ना? मोज." दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यांची गिनती अंथरुणापाशीच होऊ लागली.

आमच्या बराकीत म्हातारे वाढत चालले होते. कोणाला ऐकू येत नसे, कोणाला लघवी आवरत नसे. तुरुंग बांधला तरण्या माणसांसाठी. संडासात धरून उठायलाही काही नव्हते. साहेबांनी सुतारखात्यातून लाकडी दांड्या करून भिंतीला बसवून घेतल्या. मात्र बिडी सापडली तर म्हातारा म्हणून त्यांनी कोणाची गय केली नाही, हेही लिहिले पाहिजे.

मी सुटलो तेव्हा साहेब निवृत्त होऊन देऊळघाटला शेती पाहत होते. मुलाने मला बीबी या आमच्या गावी घरी आणले, पण थोड्याच दिवसांत घर कावून गेले. मी पहाटे उठून खोलीच्या बंद दाराशी आतच बसून राहायचो. चहाला हाक आली तरी बाहेर पडत नसे. दिवेलागणीला पुन्हा अंथरुणावर जाऊन बसायचो. सुनेला वाटले, सासरा रुसला. मुलाने वृद्धाश्रमात ठेवायची बोलणी सुरू केली. मी त्यांना काय सांगणार? मलाच काही उमगत नव्हते, आणि घर सुटणार या धास्तीने अन्न जात नव्हते.

आश्रमवाल्यांना माझ्याबद्दल कोणाची तरी हमी हवी होती, म्हणून मुलाने साहेबांना फोन केला. साहेब एसटीने स्वतःच आले. एक रात्र राहून त्यांनी माझी रीत पाहिली. मग सुनेला म्हणाले, "पोरी, हे रुसले नाहीत. दुसऱ्यानं दार उघडलं की मगच बाहेर निघायचं, इतकी वर्षं हेच केलं त्यायनं."

मला खोलीत नेऊन त्यांनी दार लावले. "बाबा, कडी आतून हाय. तुमीच काढा."

परवानगीसाठी मी मागे वळून पाहिले. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग मी कडी काढली. बाहेर सून उभी होती. "या मामाजी," ती म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला."

वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. अजूनही एखाद्या सकाळी मी दाराशी थबकतो, तेव्हा सून चुलीपासून "मामाजी, कडी!" एवढेच म्हणते.

तुरुंगात राहिलेल्या म्हाताऱ्यांना सुटल्यावर न्यायला कोणी येईल का, ही काळजी मला सोडत नाही. त्यांच्या घरच्यांनाही समजवायला साहेब हवेत, म्हणून साहेबांसाठी निरोगी, मोठे आयुष्य मागताना त्यात आम्हा म्हाताऱ्यांचा स्वार्थही आहे. आता त्यांचेही गुडघे दुखतात, असे ऐकतो. बीबीला येणे त्यांना जमणार नसेल, तर मी देऊळघाटला येईन. साहेबांनी जागेवरून उठू नये. दार मी उघडीन.