गिरणीच्या नावावर अंदमान

आमच्या दुकानाच्या पाटीवर एक नाव होतं आणि बँकेत दुसरं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यामुळे लातूरच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा आणि माझा जीव टांगणीला लागेल, हे मात्र माहीत नव्हतं.

नांदेडात आमची पिठाची गिरणी होती, सासऱ्यांनी घातलेली. ते गेल्यावर ती दोन-तीन वर्षं रडतखडत चालली आणि मग बंद पडली. आमचे हे अर्धापूरच्या आमच्या केळीच्या बागेकडे बघायला लागले. मी लग्नाआधी एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचं काम केलं होतं. गिरणीची जागा रिकामी पडलेली बघून मी म्हटलं, इथं आपणच एजन्सी काढू. जातं विकलं, भिंती धुतल्या, पांढरा रंग दिला. तरी वर्षभर पंखा लावला की कुठूनतरी बारीक पीठ उडायचं आणि गिऱ्हाईक शिंकायचं.

परवाना आणि बँकेचं करंट खातं गिरणीच्याच नावावर राहिलं. बदलू, बदलू म्हणत दिवस गेले. मग एकदा पेमेंट कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, पन्नाशीचा, घामाघूम. तो कार्डाचं मशीन देणार होता आणि मोबाइलवर पैसे मागवायची लिंकही. त्याने समजावलं, "गिऱ्हाईक कार्डाने पैसे देईल, ते आधी कंपनीकडे येतील. दोन दिवसांनी तुमच्या खात्यात. याला मर्चंट अकाउंट म्हणतात."

मी म्हटलं, "पण खातं गिरणीच्या नावाचं हाय."

"चालतं मॅडम. पैसे येण्याशी मतलब."

फॉर्मवर धंदा कोणता या रकान्यात त्याने पिठाची गिरणीच लिहिलं. मी विचारलं तर म्हणाला, "ट्रॅव्हल लिहिलं की वरचे लोक लई चौकशा लावतात. प्रवास असतो तीन महिन्यांनी, पैसे आज घेता. मधल्या काळात काही झालं की गिऱ्हाईक कंपनीच्या मानगुटीवर बसतं. म्हणून ते ट्रॅव्हलवाल्यांना भितात." मला ते सगळं नीट कळलं नाही. पण मी सही केली. हे मी कुणावर ढकलू शकत नाही.

वर्ष-दीड वर्ष काही झालं नाही. पैसे आले, तिकिटं निघाली.

मग लातूरहून बाईंचा फोन आला. औशाच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या आणि त्यांच्या योगवर्गातल्या बायका, सगळ्या मिळून अकरा जणी, अंदमानला जाणार होत्या. नवरे नाहीत, मुलं नाहीत. त्यातल्या सात जणींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. बाईंनी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते आणि एकेक विचारून त्यापुढे बरोबरची खूण करत होत्या, हे मला फोनवरही कळत होतं. हॉटेलात उकडलेलं पाणी मिळेल का. नावेत चढायला पायऱ्या असतात का. एकीच्या गुडघ्यात वाटी बसवलेली आहे, तिला विमानतळावर अडवतील का.

मी पाठवलेल्या लिंकवर पैसे त्यांनी कार्डाने भरले. सगळ्या बायकांकडून रोख गोळा करून बेंगळुरूच्या मुलाच्या खात्यात टाकले आणि त्याने स्वतःच्या नावावर काढून दिलेल्या कार्डावरून एकदम रक्कम पाठवली. "मुलगा म्हणतो, प्रवासाचे पैसे कार्डानेच द्यावेत, सुरक्षित असतं," असं त्यांनी मला सांगितलं होतं. माझ्या मोबाइलवर पैसे मिळाल्याचा संदेश आला. मी हैदराबादहून अकरा सीटा धरून ठेवल्या, थोडी रक्कम विमान कंपनीला भरली. उरलेली बारा दिवसांत भरायची होती, नाहीतर सीटा जाणार होत्या.

दोन दिवस झाले, पैसे खात्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक इंग्रजी ईमेल आला. मी तो चारदा वाचला. त्यात एवढंच कळत होतं की आमच्या खात्यावरचे सगळे व्यवहार थांबवले आहेत. हदगावच्या एका जोडप्याच्या तिकिटाचे पैसेही त्यातच अडकले. तेवढे ह्यांनी केळीच्या पैशातून भरले.

मी मदतकेंद्राला फोन लावला. पहिली मुलगी म्हणाली, तुमच्या बँकेला विचारा. बँकेतले साहेब म्हणाले, आमच्याकडे काहीच आलेलं नाही, कंपनीला विचारा. पुन्हा फोन लावला तर दुसरा एक जण म्हणाला, "मॅम, कार्डधारकाने व्यवहार नाकारला आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते म्हणतात, हा खर्च आम्ही केलेला नाही."

मी बाईंना फोन केला. कसं विचारावं ते कळेना. "बाई, तुम्ही पैसे परत मागितले का?"

"मी? मी कशाला मागू?" त्यांचा आवाज एकदम कडक झाला. "माझ्याकडून गेलेत. तुम्हाला मिळाल्याचं तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, पण मिळाले न्हाईत."

"मिळाले आणि मिळाले नाहीत, दोन्ही कसं असेल?"

मलाही तेच कळत नव्हतं. बाई खोटं बोलतात असं वाटावं तर तसा माणूस नव्हता. कंपनी खोटं बोलते म्हणावं तर तिला काय पडलं होतं? फोन ठेवता ठेवता मला पलीकडून, बाईंच्या मागे बसलेल्या एकीचा आवाज आला, "नांदेडची ती पैसे घेऊन पळाली का काय?"

ते माझ्या फार जिव्हारी लागलं. आमचे हे घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं, "मी उद्या लातूरला चालले."

"फोनवर होईना का?"

"फोनवर मी चोर दिसून राहिले."

सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. लोहा, अहमदपूर, चाकूर. मांडीवर फाईल धरून मी तो ईमेल पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू एवढ्यात त्याचा अर्थ बदलणार होता.

बाईंच्या घरी सहा जणी आधीच बसल्या होत्या. पलंगावर चार, खुर्च्यांवर दोन. माझ्यासाठी मधोमध स्टूल ठेवलं होतं. बाईंनी आधी हातात मुरमुऱ्यांच्या सुशील्याची बशी दिली. "आधी खा, मग बोला." एवढ्या जणींच्या नजरेखाली मी दोन घास खाऊन बशी खाली ठेवली.

मी सगळे कागद दाखवले. बाईंनी त्यांच्या मोबाइलवरचं दाखवलं. दोन्ही खरं होतं. शेवटी बाई म्हणाल्या, कार्ड मुलाचं आहे, त्यालाच विचारू. फोन लावून त्यांनी तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

"अरे, अंदमानच्या पैशांचा काहीतरी घोळ झालाय. कुणीतरी व्यवहार नाकारलाय म्हणे. तू केलंस का काही?"

"नाही गं आई. अंदमानचं मी कशाला नाकारू?" तो म्हणाला. मग त्याला आठवलं, "एक मात्र झालं होतं. तुला घाबरवायचं नव्हतं म्हणून बोललो नाही. तुझ्या कार्डावर कुणीतरी फसवणूक केली होती. मोठी रक्कम एका पिठाच्या गिरणीने काढल्याचा संदेश मला आला. मी तुला तीन फोन केले, तू उचलले नाहीस. मग मी लगेच बँकेला कळवलं, हा खर्च आमचा नाही."

बाई योगवर्गात असताना मोबाइल कपाटात ठेवतात, हे नंतर कळलं. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं होतं की अंदमानचे पैसे भरले, तेव्हा त्याला वाटलं, ते वेगळे आणि गिरणीचे वेगळे.

"दादा," मी फोनकडे वाकून म्हटलं, "ती गिरणी माझी हाय."

मग पलंगावरची एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "म्हणजे अंदमानचे पैसे गिरणीत गेले?"

"हाव. गिरणी हिचीच हाय म्हणं."

"मग ही दळती का फिरवती?"

कुणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं. मी सगळं सांगितलं, परवाना, खातं, टायवाला माणूस, फॉर्मवरचा रकाना. बाई शांत ऐकत होत्या.

"नाव बदलायला काय लागतं?"

"अर्ज करायचा."

"मग केला का नाही?"

मी चाळीस वर्षांची बाई, स्टुलावर बसून फाईलच्या कोपऱ्याशी चाळा करत राहिले. गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी.

मुलगा तेवढ्यात त्याच्याकडचा कार्डाचा हिशोब बघत होता. तो म्हणाला, ती रक्कम कार्डावर तात्पुरती परत जमा दिसतेय. चौकशी होईपर्यंत. तक्रार मी आजच मागे घेतो, पण तुमच्याकडे पैसे पोचायला किती आठवडे लागतील ते कुणी सांगत नाही.

"सीटांची मुदत परवा संपते," मी म्हटलं.

"मग मी तेवढेच पैसे सरळ तुमच्या बचत खात्यात पाठवतो."

हे सोपं होतं, पण मला भीती वाटली. "आणि नंतर कंपनीकडूनही आले तर? माझ्याकडे दोनदा होतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तर त्यातली एक रक्कम परत देशील," त्या म्हणाल्या. तोवर त्या मला तुम्ही म्हणत होत्या.

मी म्हटलं, लिहून देते. त्यांनी वहीचा कागद फाडून दिला. मी लिहिलं, सही केली. बाईंनी तो वाचला, दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त केली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मुलाने पैसे पाठवले, सीटा टिकल्या. महिन्याभराने अकरा जणी गेल्या आणि आल्या. मी नांदेडातच होते. नाव बदलायचा अर्ज लातूरहून परतले त्याच आठवड्यात दिला होता. रोज माझ्या मोबाइलवर त्यांचे फोटो यायचे. त्यातल्या एका फोटोत साड्या गुडघ्यापर्यंत खोचून सगळ्या एकमेकींचे हात घट्ट धरून पाण्यात उभ्या होत्या. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं तोंड उघडं.

इकडे पेमेंट कंपनीला सेवा दिल्याचा पुरावा हवा होता. तक्रार मागे घेतलीय म्हटलं तरी हवाच होता. मी तिकिटं, हॉटेलच्या पावत्या आणि तो फोटो पाठवला. दोन दिवसांनी मदतकेंद्रातून एका पोराचा फोन आला.

"मॅम, यात कार्डधारक कोणते?"

"ते यात न्हाईत. ते बेंगळुरूला असतात."

"मग सेवा कुणाला दिली?"

"त्यांच्या आईला. डावीकडून चौथ्या."

"पण खर्च तर गिरणीत झालेला आहे."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. फोनवरच्या त्या पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ओके मॅम, नोंद केली." काय नोंद केली ते मी विचारलं नाही.

मग एका दुपारी, काही न कळवता, पैसे खात्यात आले. थोडे कमी. दंड होता, फी होती की कर होता, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. मी लगेच बाईंच्या मुलाला फोन केला, "आले. तुम्ही सरळ पाठवलेले परत करते."

तो म्हणाला, "थांबा, माझ्या कार्डावर परत जमा झालेले अजून कापलेच नाहीत. आता घेतले तर मला फुकट होतील."

म्हणजे माझ्याकडे दोनदा आले होते, त्याच्याकडून एकदाच गेले होते, आणि जास्तीचे कुणाचे हे आम्हा दोघांनाही सांगता येईना. आमचे हे म्हणाले, "कंपनीला परत देऊन टाक." मी कंपनीला विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून हिशोब पूर्ण झाला आहे, परत घेण्याची सोय नाही. मी ते पैसे तसेच बाजूला ठेवले. रोज सकाळी खातं उघडून बघायचे आणि बंद करायचे. पैसे नसले की माणूस घाबरतो हे माहीत होतं. असूनही घाबरतो, हे तेव्हा कळलं.

पाच आठवड्यांनी मुलाचा संदेश आला, कार्डावरून कापले. त्याच दिवशी मी त्याने पाठवलेली पूर्ण रक्कम परत केली. कंपनीने जे कमी दिलं होतं, ते माझ्या पदरचं गेलं.

संध्याकाळी बाईंचा फोन आला. "तुझी चिठ्ठी फाडली गं. आता सगळ्यांचे पैसे ज्याच्या त्याच्याकडे पोचले ना?"

"वाटतंय तसं."

"वाटतंय म्हणजे?"

"बाई, कागदावर बरोबर दिसतंय. पण कशामुळे बरोबर झालं ते विचारलं तर मला सांगता यायचं न्हाई. तुमच्या मुलाने तक्रार मागे घेतली म्हणून, की त्या फोटोमुळे, की आपोआपच."

त्या म्हणाल्या, "शाळेत दरवर्षी अनुदान यायचं, तेही कशामुळे येतं ते मला असंच कळायचं नाही. यायचं मात्र." आणि मग त्यांनी मला नावेत कोणाकोणाला उलट्या झाल्या ते क्रमाने सांगायला सुरुवात केली.